ओव्हनचा घड्याळ-टायमर

ओव्हनचा घड्याळ-टायमर हा विद्युत ओव्हनच्या नियंत्रण पट्टीवर बसवलेला, वेळ दाखवणारा आणि त्याच वेळी ओव्हनच्या तापकाचा (एलिमेंटचा) वीजपुरवठा ठरलेल्या वेळी सुरू किंवा बंद करणारा घटक आहे. भिंतीत किंवा स्वयंपाकघराच्या कपाटात बसवलेल्या (बिल्ट-इन) ओव्हनमध्ये तो प्रामुख्याने आढळतो. दिसायला तो केवळ घड्याळ असला, तरी विद्युतदृष्ट्या तो एक स्विच आहे. त्यामुळे घड्याळाच्या बिघाडाने, किंवा घड्याळ चुकीच्या स्थितीत राहिल्याने, इतर सर्व भाग निर्दोष असलेला ओव्हनही थंड राहू शकतो. ओव्हन ‘गेला’ असे समजून तो बदलला जातो, तेव्हा प्रत्यक्षात दोष अनेकदा याच लहान भागात असतो.

घड्याळ आणि स्विच

यांत्रिक घड्याळ-टायमरमध्ये दोन स्वतंत्र यंत्रणा एकाच पेटीत बसवलेल्या असतात. पहिली म्हणजे घड्याळ. एक लहान समकालिक मोटर दंतचक्रांच्या साहाय्याने तास व मिनिटांचे काटे फिरवते. दुसरी यंत्रणा म्हणजे विजेचे संपर्क (कॉन्टॅक्ट). घड्याळाच्या आसाशी जोडलेल्या कॅम-चकत्या फिरताना हे संपर्क उचलतात किंवा सोडतात. पाककृती कधी सुरू व्हावी आणि किती वेळ चालावी, हे ठरवणाऱ्या दोन घुंड्या या चकत्यांची स्थिती बदलतात. तिसरी घुंडी बहुधा केवळ घंटी वाजवणाऱ्या मिनिटमापकाची असते. तिचा तापकाशी संबंध नसतो.

विजेचा मार्ग साधारणपणे असा असतो: पुरवठ्याची तार, टायमरचा संपर्क, कार्य निवडणारा स्विच, थर्मोस्टॅट आणि शेवटी तापक. हे सर्व एकसरीत जोडलेले असल्याने यांपैकी एकही दुवा तुटला तर उष्णता मिळत नाही. टायमर ‘मॅन्युअल’ स्थितीत असताना त्याचा संपर्क कायम जुळलेला असतो आणि ओव्हन जणू टायमर नसल्याप्रमाणे चालतो. घुंडी ‘ऑटो’ स्थितीत गेली की संपर्क उघडतो आणि ठरलेली वेळ येईपर्यंत तो तसाच राहतो.

टायमरच्या संपर्कातून वाहणारा प्रवाह लहान नसतो. २४० व्होल्टवर २४०० वॉटचा तापक १० अँपिअर प्रवाह घेतो. जुन्या यांत्रिक रचनेत हा संपूर्ण प्रवाह टायमरच्या संपर्कांतून जातो. प्रत्येक वेळी संपर्क उघडताना बारीक ठिणगी पडते, धातूचा पृष्ठभाग खरवडला जातो, रोध वाढतो आणि त्यामुळे जागा आणखी तापते. काळवंडलेले प्लास्टिक आणि जळकट वास ही या झिजेची अखेरची लक्षणे होत.

इतिहास

घरगुती वीजवाहिनीवर अचूक घड्याळ चालवण्याची कल्पना व्यवहारात आणण्याचे श्रेय अमेरिकन अभियंता हेन्री वॉरन यांना दिले जाते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅशलँड येथे काम करणाऱ्या वॉरन यांनी स्वतःहून फिरू लागणारी लहान समकालिक मोटर तयार केली. अशा मोटरचा वेग विद्युतदाबावर नव्हे, तर प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वारंवारतेवर अवलंबून असतो. ६० हर्ट्झवर दोन ध्रुवांची समकालिक मोटर मिनिटाला ३६०० फेरे घेते. मात्र त्या काळातील वीजकेंद्रांची वारंवारता दिवसभरात कमीअधिक होत असे. त्यामुळे मोटर कितीही चांगली असली तरी घड्याळ चुकणारच होते.

यावर वॉरन यांनी शोधलेला उपाय घड्याळात नव्हता, वीजकेंद्रात होता. त्यांनी एक मुख्य घड्याळ बनवले. त्यातील एक काटा अचूक लंबकाने फिरे आणि दुसरा केंद्राच्या स्वतःच्या विजेवर चालणाऱ्या समकालिक मोटरने. दोन्ही काटे एकमेकांवर राहतील अशा बेताने कर्मचाऱ्यांनी जनित्रांचा वेग ठेवायचा, एवढीच अट होती. इ.स. १९१६ मध्ये बॉस्टन येथील वीजकेंद्रात असे घड्याळ बसवण्यात आले. वॉरन यांच्या कंपनीची ‘टेलेक्रॉन’ नावाची घड्याळे पुढे अमेरिकेत घरोघरी पोहोचली. लंबक, किल्ली किंवा बॅटरी यांपैकी काहीही नसलेले घड्याळ स्वस्त पडू लागल्यावर ते शेगडी व ओव्हनवर बसवणे स्वाभाविकच होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत भिंतीतील ओव्हनचा प्रसार झाला आणि घड्याळ-टायमर हा त्याच्या दर्शनी भागाचा जवळजवळ अनिवार्य अंश बनला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने इ.स. १९६३ मध्ये स्वतःच साफ होणारा ओव्हन बाजारात आणल्यानंतर टायमरकडे आणखी एक जबाबदारी आली. सुमारे ४८० अंश सेल्सिअस तापमानात चालणारी ही प्रक्रिया काही तासांनी आपोआप थांबवणे हे टायमरचे काम झाले. पुढे यांत्रिक टायमरची जागा हळूहळू इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांनी घेतली.

वारंवारता आणि घड्याळाची चूक

समकालिक मोटरवर चालणारे घड्याळ वीजजाळ्याचे फेरे मोजत असते. अनेक इलेक्ट्रॉनिक टायमरही क्वार्ट्झ स्फटिकाऐवजी विजेच्या लहरीच मोजतात. त्यामुळे घड्याळ मागे पडणे हा दर वेळी टायमरचा दोष नसतो.

याचे ठळक उदाहरण इ.स. २०१८ च्या आरंभी युरोपात दिसले. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत युरोप खंडाच्या जोडलेल्या वीजजाळ्याची सरासरी वारंवारता ५० हर्ट्झऐवजी सुमारे ४९.९९६ हर्ट्झ राहिली. सर्बिया व कोसोव्हो यांच्या वादात त्या क्षेत्रातील विजेची तूट भरून काढली गेली नाही. ही तूट सुमारे ११३ गिगावॉट-तासांची होती. फरक क्षुल्लक वाटला तरी तो रोज साठत गेला आणि २५ देशांतील ओव्हन, मायक्रोवेव्ह आणि उशाजवळची घड्याळे जवळजवळ सहा मिनिटे मागे पडली. ५० दिवसांचे ४३,२०,००० सेकंद आणि दर सेकंदाला ०.००००८ सेकंदाची घट असा साधा गुणाकार केला, तरी ३४५ सेकंदांचे उत्तर येते. नंतर जाळ्याची वारंवारता किंचित वाढवून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ही घट भरून काढण्यात आली. ज्यांनी मधल्या काळात ओव्हनचे घड्याळ हाताने पुढे केले होते, त्यांची घड्याळे तेव्हा पुढे गेली. एरवी या जाळ्यात चूक २० सेकंदांपलीकडे गेली की वारंवारता ४९.९९ किंवा ५०.०१ हर्ट्झ ठेवून ती दुरुस्त करण्याचा प्रघात आहे.

भारतात वीजजाळ्याची वारंवारता पूर्वी बरीच हेलकावे खात असे. पश्चिम विभागात जुलै २००२ पासून उपलब्धतेवर आधारित वीजदर पद्धत लागू झाली आणि ती सुधारू लागली. सोलापूर–रायचूर ७६५ किलोव्होल्ट वाहिनीमुळे डिसेंबर २०१३ अखेर दक्षिण विभाग उर्वरित देशाशी समकालिक झाला. सध्याचा विहित पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. वारंवारता ४९ हर्ट्झवर राहिली तर समकालिक घड्याळ तासाला ७२ सेकंद मागे पडते. भारतातील जुन्या विद्युत घड्याळांच्या बदनामीचे एक कारण यात आहे.

अमेरिकेतून परतताना घरसामानाबरोबर ओव्हन आणणाऱ्यांना हाच हिशेब मोठ्या प्रमाणात भोवतो. ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश वेगाने फिरते. म्हणजे घड्याळ तासाला १० मिनिटे आणि दिवसाला चार तास मागे पडते. टायमरवर लावलेला एक तास प्रत्यक्षात ७२ मिनिटांचा होतो आणि केक करपतो. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) दाब बदलतो, वारंवारता नाही. त्यामुळे ते लावून हा दोष जात नाही. शिवाय अमेरिकन ओव्हनमध्ये तापक २४० व्होल्टवर, पण घड्याळ व दिवा बहुधा १२० व्होल्टवर चालतात. त्यासाठी दोन ‘गरम’ तारा व एक न्यूट्रल अशी रचना तेथील घरांत असते. भारतीय घरात १२० व्होल्टचा असा मधला बिंदू नसतो. अमेरिकन ओव्हनची न्यूट्रल तार सरळ येथील न्यूट्रलला जोडल्यास घड्याळावर २३० व्होल्ट येतात आणि त्याची मोटर जळते.

इलेक्ट्रॉनिक टायमर

इलेक्ट्रॉनिक टायमरमध्ये काट्यांऐवजी प्रकाशमान अंक, कॅमऐवजी सूक्ष्मनियंत्रक आणि उघड्या संपर्कांऐवजी रिले असतो. निळसर-हिरवे अंक दाखवणारा पटल हा निर्वात प्रतिदीप्त प्रकारचा असतो. तो वर्षानुवर्षे चालू राहिल्याने मंद होत जातो. यांत्रिक टायमरपेक्षा यात एक महत्त्वाचा फरक आहे. यांत्रिक टायमरचे घड्याळ थांबले तरी मॅन्युअल स्थितीतील संपर्क जुळलेलाच राहतो आणि ओव्हन चालतो. इलेक्ट्रॉनिक टायमर बंद पडला की रिले ओढलाच जात नाही आणि ओव्हनही बंद पडतो.

वीज गेल्यावर अशा टायमरची वेळ पुसली जाते, कारण त्यात सहसा बॅटरी नसते. वीज परत आल्यावर शून्ये किंवा १२:०० लुकलुकू लागतात आणि वेळ लावेपर्यंत अनेक मॉडेलांत ओव्हन मुद्दामच चालू होऊ दिला जात नाही. मागील पाककृतीची वेळ अर्धवट असताना ओव्हन कोणी नसताना पुन्हा तापू नये, असा यामागील विचार आहे. पण वापरणाऱ्याला हे ठाऊक नसले तर भारनियमनानंतर ‘ओव्हन बिघडला’ अशी तक्रार होते. वेळ लावून टायमर मॅन्युअल स्थितीत आणला की तो चालू होतो. युरोपीय बनावटीच्या अनेक टायमरांत यासाठी हाताच्या चिन्हाची कळ असते, तर काहींत अधिक व उणे या दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी एवढे करून पाहणे केव्हाही श्रेयस्कर.

खऱ्या बिघाडांमध्ये कॅपॅसिटरचा (संधारित्राचा) वाटा मोठा असतो. आकार व किंमत कमी ठेवण्यासाठी पुष्कळ टायमरांत रोहित्र न वापरता एका कॅपॅसिटरच्या साहाय्याने २३० व्होल्ट खाली उतरवले जातात. हा कॅपॅसिटर कालांतराने आपली धारिता गमावतो. परिणामी अंक फिके पडतात, रिले टकटक करतो, ओव्हन चालू होताच घड्याळ पुसले जाते. सुटा कॅपॅसिटर स्वस्त असतो आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती जाणणारा कारागीर तो बदलू शकतो. मात्र या रचनेत संपूर्ण मुद्रित पट्टी थेट वीजवाहिनीशी जोडलेली असते. तिच्यावरील ‘पाच व्होल्ट’चा बिंदूही जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टवर असू शकतो, म्हणून ती चालू अवस्थेत उघडून चाचपणे जिवावर बेतू शकते. याशिवाय रिलेच्या पायांजवळील डाख तडकणे आणि रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटणे हेही नेहमीचे दोष आहेत. संपर्क चिकटल्यास ओव्हन बंदच होत नाही. अशा ओव्हनचा मुख्य पुरवठा तत्काळ तोडावा.

बिघाडाचे निदान

टायमर बदलण्यापूर्वी दोष टायमरमध्येच आहे याची खात्री करणे आवश्यक असते, कारण नवा टायमर महाग असतो आणि बसवल्यानंतर विक्रेता तो सहसा परत घेत नाही.

घड्याळ चालते पण ओव्हन तापत नाही, ही सर्वांत जास्त फसवणारी स्थिती होय. साफसफाई करताना ‘ऑटो’ची घुंडी सरकली असण्याची शक्यता प्रथम तपासावी. अमेरिकन रचनेत दोन ‘गरम’ तारांपैकी एकीचाच पुरवठा तुटल्यास १२० व्होल्टवरील घड्याळ व दिवा चालू राहतात आणि २४० व्होल्टचा तापक मात्र बंद पडतो. तेव्हा दोष वितरण पेटीतील स्विचमध्ये असतो, ओव्हनमध्ये नव्हे. याउलट घड्याळ थांबलेले पण ओव्हन नीट तापतो, अशी स्थिती असल्यास मोटर किंवा दंतचक्रे निकामी झालेली असतात. अशी मोटर पुष्कळदा गुणगुणते पण फिरत नाही. सततच्या उष्णतेने तिच्यातील वंगण घट्ट झालेले असते. घड्याळ आणि ओव्हन दोन्ही बंद असल्यास आधी पुरवठा आणि ओव्हनमधील उष्णतारोधक कट-आउट तपासावा, मग टायमर.

पुरवठा तोडून आणि तारा सोडवून टायमरचा संपर्क मल्टिमीटरने तपासता येतो. मॅन्युअल स्थितीत संपर्काच्या दोन टोकांमधील रोध जवळजवळ शून्य यायला हवा. तो काही ओम किंवा अस्थिर येत असेल तर संपर्क जळले आहेत. मोटरचे वेटोळे मात्र बारीक तारेचे असल्याने त्याचा रोध बराच मोठा असतो. तो अनंत आला तर वेटोळे तुटले आहे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या पटलावर ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा संकेत दिसत असल्यास त्याचा अर्थ त्या मॉडेलच्या पुस्तिकेतच पाहावा. एका निर्मात्याचा संकेत दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि तापमान संवेदकाच्या दोषालाही असाच संकेत येतो.

टायमर का बिघडला, हा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. कपाटातील ओव्हनची नियंत्रण पट्टी तापलेल्या पेटीच्या अगदी वर असते. ती थंड ठेवण्यासाठी एक पंखा असतो आणि ओव्हन बंद केल्यावरही तो काही वेळ फिरत राहतो. हा पंखा अडकला असेल, कपाट बनवताना सुताराने मागील हवेची फट बुजवली असेल किंवा दाराचे रबर कडक होऊन गरम हवा वर येत असेल, तर टायमर अकाली मरतो. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश सेल्सिअस तापमानवाढीमागे साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. मूळ कारण तसेच ठेवून नवा टायमर बसवल्यास तोही त्याच वाटेने जातो.

बदली टायमरची निवड

ओव्हनचा मॉडेल क्रमांक बहुधा दार उघडल्यावर चौकटीच्या कडेला लावलेल्या पट्टिकेवर असतो, तर टायमरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या मागील बाजूस छापलेला असतो. दोन्ही क्रमांक टिपून घ्यावेत. एकाच ओव्हनच्या वेगवेगळ्या वर्षांतील उत्पादनांत निरनिराळे टायमर वापरलेले असतात. दाब, वारंवारता, संपर्कांची प्रवाहक्षमता, टोकांची संख्या व क्रम, तसेच पट्टीतील छिद्राचे माप, या सर्व बाबी जुळणे आवश्यक असते. दिसायला सारखा पण कमी प्रवाहक्षमतेचा टायमर लावणे धोक्याचे असते, कारण तो पहिल्या दिवशी व्यवस्थित चालतो आणि काही महिन्यांनी जळतो.

जुन्या ओव्हनचे टायमर निर्मात्याकडून मिळणे बंद झालेले असते. अमेरिकेत जुने यांत्रिक टायमर टपालाने मागवून, साफ करून, मोटर बदलून परत पाठवणारे कारागीर आहेत. मूळ टायमर दुरुस्त करून घेणे पुष्कळदा जुना, वापरलेला ‘सुटा भाग’ विकत घेण्यापेक्षा अधिक भरवशाचे ठरते, कारण वापरलेल्या भागाचे संपर्क तितकेच झिजलेले असतात. भिंतीतील ओव्हनच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. नवा ओव्हन जुन्या कपाटाच्या मापात बसेलच असे नाही आणि एका लहान भागापायी कपाटही तोडावे लागते. भारतात केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळावर घरगुती टिकाऊ उपकरणांच्या निर्मात्यांकडील दुरुस्ती व सुट्या भागांची माहिती एकत्र करण्याचा उपक्रम आहे.

बदलण्याची पद्धत

काम सुरू करण्यापूर्वी वितरण पेटीतील ओव्हनचा स्विच (एमसीबी) पाडावा आणि कोणी तो पुन्हा वर करणार नाही अशी व्यवस्था करावी. ओव्हनची घुंडी ‘बंद’वर असणे पुरेसे नाही. अमेरिकन रचनेत ती घुंडी अनेकदा दोनपैकी एकच ‘गरम’ तार तोडते आणि दुसरी तापकापर्यंत जिवंत राहते. भारतीय घरांत ओव्हनचा १६ अँपिअरचा सॉकेट पुष्कळदा ओव्हनच्याच मागे असतो, त्यामुळे प्लग काढणे सुरुवातीला शक्य नसते. स्विच पाडल्यानंतरही टोकांवर वीज नसल्याची मीटरने खात्री करावी, आणि मीटर चालू आहे हे आधी जिवंत सॉकेटवर पडताळावे.

काही ओव्हनची नियंत्रण पट्टी समोरूनच सुटते. दार उघडल्यावर वरच्या कडेला तिचे स्क्रू दिसतात. इतर ओव्हन कपाटातून पुढे ओढावे लागतात. चौकटीच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू काढल्यावर ओव्हन सरकतो, पण त्याचे वजन एका माणसाने पेलण्याजोगे नसते. दार आधी बिजागरीवरून उतरवल्यास भार बराच कमी होतो. बिजागरीतील स्प्रिंग ताणलेली असते, म्हणून उतरवण्यापूर्वी तिचे अडसर लावणे आवश्यक आहे, अन्यथा ती बोटांवर आपटते. ओव्हनसमोर तेवढ्याच उंचीचे भक्कम टेबल ठेवून त्यावर तो ओढून घेणे सोयीचे ठरते. मागील वायर किती लांब आहे हे न पाहता ओव्हन पूर्ण बाहेर ओढल्यास जोडणी तुटण्याचा संभव असतो.

टायमरच्या तारा काढण्यापूर्वी त्यांची वेगवेगळ्या कोनांतून छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक तारेला टोकाच्या क्रमांकाची चिठ्ठी लावावी. रंगांवर विसंबून राहू नये. उष्णतेने लाल, तपकिरी आणि नारिंगी तारा कालांतराने सारख्याच दिसू लागतात. चपटे लग पकडीने लगलाच धरून ओढावेत, तारेला नव्हे. अधिक चांगली रीत म्हणजे जुना टायमर शेजारी धरून एकेक तार जुन्यावरून नव्यावर हलवत जाणे. या रीतीत अदलाबदल होण्यास जवळजवळ वाव राहत नाही. घुंड्या बहुधा पुढे ओढल्या की निघतात आणि त्यांच्यामागे टायमर धरून ठेवणारे स्क्रू असतात. पातळ काच किंवा छापील पट्टी असल्यास तेथे जोर लावू नये, कारण ती स्वतंत्रपणे क्वचितच मिळते.

एखादा लग काळा पडलेला असेल तर तो तसाच नव्या टायमरवर सरकवू नये. सैल किंवा ऑक्सिडीकृत लग पुन्हा तापतो आणि नव्या टायमरचे टोक जाळतो. तारेचा जळका भाग कापून उच्च तापमानाचा नवा लग दाबून बसवावा. तार वाढवावी लागल्यास सिलिकॉन किंवा काचतंतूचे आवरण असलेलीच वापरावी. घरातील वायरिंगची साधी पीव्हीसी तार या जागी वितळते. अर्थिंगची तार नियंत्रण पट्टीच्या धातूला मूळ जागी आणि घट्ट जोडली गेली आहे, हे पट्टी बसवण्यापूर्वी पाहावे.

ओव्हन कपाटात ढकलण्यापूर्वीच चाचणी घेतल्यास पुन्हा ओढण्याचा त्रास वाचतो. तारा कोठेही धातूला किंवा ओव्हनच्या छताला टेकत नाहीत हे पाहून, कोणाचाही हात जवळ नसताना पुरवठा सुरू करावा. वेळ लावून, मॅन्युअल स्थितीत ओव्हन तापतो का ते पाहावे. त्यानंतर काही मिनिटांची वेळ लावून तो खरोखर आपोआप बंद होतो का, हेही पाहावे. दुसरी चाचणी वगळली जाते, पण टायमर विश्वासाने वापरायचा असेल तर तीच महत्त्वाची आहे. स्विच वर करताच तो पडत असेल किंवा गळती प्रवाहाचे संरक्षण कार्यान्वित होत असेल तर पुन्हा प्रयत्न न करता पात्र वीजतंत्रीस दाखवावे.

टायमर वगळून केलेली जोडणी

बदली टायमर मिळत नसल्यास काही तंत्रज्ञ टायमरच्या संपर्काकडे येणाऱ्या दोन तारा एकमेकींना जोडून टायमर परिपथातून वगळतात. संपर्क कायम ‘मॅन्युअल’ असल्यासारखाच हा परिणाम होतो. यांत्रिक टायमर असलेल्या आणि स्वतः साफ न होणाऱ्या साध्या ओव्हनमध्ये, तापकाचा प्रवाह पेलणाऱ्या उच्च तापमानाच्या जोडणीने हे केल्यास ओव्हन चालतो आणि तापमानाचे नियंत्रण पूर्वीप्रमाणे थर्मोस्टॅटकडेच राहते. आपोआप बंद होण्याची सोय मात्र जाते. ओव्हन चालू ठेवून घराबाहेर पडण्याची सवय असलेल्या घरात हा उपाय योग्य नव्हे. जोडणी करणाऱ्याने तसे घरच्यांना सांगणे आणि ओव्हनच्या आत चिठ्ठी चिकटवून ठेवणे अपेक्षित आहे, जेणेकरून पुढचा कारागीर गोंधळणार नाही.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात घड्याळ, तापमान संवेदन आणि दाराचे कुलूप एकाच पट्टीवर असू शकते. तेथे रिले वगळून सरळ जोडणी केल्यास तापमानावर कोणतेही नियंत्रण उरत नाही. स्वतः साफ होणाऱ्या ओव्हनमध्येही हीच अडचण आहे. अशा ओव्हनमध्ये टायमर वगळणे हा पर्याय धरू नये.

उशिरा सुरुवात आणि अन्नाची सुरक्षितता

टायमरची ‘उशिरा सुरू’ ही सोय सकाळी पदार्थ आत ठेवून संध्याकाळी गरम जेवण मिळवण्यासाठी होती. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जिवाणू वेगाने वाढतात. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या मार्गदर्शनानुसार नाशवंत अन्न या टप्प्यात दोन तासांपेक्षा जास्त काळ ठेवू नये. बंद ओव्हन म्हणजे शीतकपाट नव्हे. मांस, दूध किंवा अंड्याचे पदार्थ कित्येक तास तेथे ठेवून टायमरवर सोपवणे त्यामुळे अयोग्य ठरते, आणि महाराष्ट्रातील उन्हाळ्यात तर दोन तासांची मर्यादाही सैलच म्हणावी लागेल. ब्रेडसारख्या कोरड्या पदार्थांसाठी, तसेच ओव्हन आधी तापवून ठेवण्यासाठी ही सोय उपयुक्त आहे.